मोरोक्कोचं हवामान: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी कासाब्लांकात राहतो, म्हणून ओळखीतल्या कुणाचीही मोरोक्को ट्रिप ठरली की पहिला मेसेज मला येतो आणि तो नव्वद टक्के वेळा हवामानाचाच असतो. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतोय, यापुढे लिंक पाठवून मोकळा. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत.

बेस्ट सीझन कुठला? एका वाक्यात सांग.

मार्चच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत, नाहीतर ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. झालं वाक्य.

पण खरं सांगू का, इथे "कधी" पेक्षा "कुठे" हा प्रश्न आधी विचारायला हवा. ऑगस्टमधला एक साधा दिवस घ्या. एस्सुविराला समुद्रावर दुपारी २२-२३ डिग्री आणि लोक जॅकेट घालून फिरतायत, तिथून गाडीने तीनेक तासांवर मराकेशला ३७-३८, पहाडात इफ्रानला तिशीच्या आसपास, आणि वाळवंटाच्या तोंडाशी मर्झुगाला ४२ किंवा त्याच्या वर. देश तोच आणि दिवसही तोच. त्यामुळे कुठल्याही गावाचं हवामान जाणून घ्यायचं असेल तर महिना नंतर बघा, आधी दोन गोष्टी बघा, गाव समुद्रापासून किती आत आहे आणि किती उंचीवर आहे.

आफ्रिका ना? मग बारा महिने गरमच असणार ना?

हा गैरसमज घेऊन लोक डिसेंबरात हाफ पँट भरून येतात आणि पहिल्याच संध्याकाळी बाजारात स्वेटर शोधत फिरतात. टँजियर जवळपास ३६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे श्रीनगरच्याही थोडं उत्तरेला. मुंबई १९ अंशावर. आफ्रिका खंडात आजवर नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान मोरोक्कोतलंच आहे, उणे २३.९ डिग्री, इफ्रान, ११ फेब्रुवारी १९३५. आता आहे आफ्रिका तर आहे, पण स्वेटर आणा.

पावसाळा कधी असतो? जुलैमधे आलो तर भिजणार का?

जुलैत भिजायचं असेल तर समुद्रात उतरा. इथला पाऊस आपल्या बरोब्बर उलटा आहे, उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पाऊस थंडीत. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत कधीही येऊ शकतो, मुख्य जोर नोव्हेंबर ते मार्च. जून-जुलै-ऑगस्टमधे कासाब्लांकात आभाळ आलं तरी ते धुक्याचं असतं, पाऊस पडत नाही.

का, तर अ‍ॅटलांटिकमधे अझोर्स बेटांच्या आसपास हवेच्या जास्त दाबाचा एक मोठा पट्टा ठाण मांडून असतो. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे सरकतो, फुगतो आणि मोरोक्कोच्या डोक्यावर झाकण बसल्यासारखं होतं, हवा खाली दाबली जाते, ढग बनत नाहीत. थंडीत तो खाली दक्षिणेला सरकतो आणि ढिला पडतो, मग अ‍ॅटलांटिकवरून येणाऱ्या वादळी पावसाच्या पट्ट्यांना आत यायला वाट मिळते. ज्या थंडीत तो पट्टा ढिला पडतच नाही त्या वर्षी ते सगळे ढग वरच्या वर युरोपात जातात, म्हणजे उत्तर युरोपात पाऊस आणि मोरोक्को कोरडा. याला नॉर्थ अ‍ॅटलांटिक ऑसिलेशन म्हणतात, मान्सूनच्या बातम्यांत आपण एल निनो ऐकतो तसं इथे हे.

आणि आपल्यासारखं "सात जूनला येणार" असं काही इथे नसतं. चार दिवस धो धो, मग तीन आठवडे लख्ख ऊन, मग पुन्हा दोन दिवस. पाऊस फारच लांबला तर राजाच्या आदेशाने देशभर मशिदींमधून पावसासाठी खास नमाज पढला जातो, टीव्हीवर दाखवतात. शेतीचा बराच भाग पावसावर असल्यामुळे ते समजूही शकतं. २०२१ मधे धान्य जवळपास १०३ लाख टन झालं, आणि पुढच्या वर्षी २०२२ ला पावसाने दगा दिला तर साधारण ३४ लाख टन. जमीन तीच, शेतकरी तेच, फक्त पाऊस कमी.

अ‍ॅटलास पर्वत ओलांडला की हवामान बदलतं म्हणतात, किती फरक पडतो?

प्रचंड. हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे त्यामुळे थोडं लांबेल.

सातारा जिल्हा डोळ्यासमोर आणा. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला टँकर. सह्याद्री ढगांमधलं पाणी पश्चिमेच्या बाजूलाच काढून घेतो, पलीकडे उरतो तो वारा. इथे अगदी तेच होतं फक्त ढग वायव्येकडून येतात आणि पर्वत सह्याद्रीच्या कितीतरी पट उंच आहे. हाय अ‍ॅटलासचं सर्वोच्च शिखर तुबकाल ४,१६७ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीच पट.

मराकेशहून वारझाझातला जायचा रस्ता तिझी न तिश्का नावाच्या खिंडीतून जातो, उंची २,२६० मीटर. मराकेशच्या बाजूने चढताना ऑलिव्ह, अक्रोड, ओक, झरे, हिरव्या पायऱ्यापायऱ्यांची शेतं लागतात. खिंडीत गाडी थांबवायची, चहा प्यायचा, वारा खायचा. आणि मग उतरायला लागलं की अर्ध्या तासात हिरवा रंग गायब, तांबडे उघडे डोंगर, मातीची गावं, आणि नदीच्या कडेला खजुराची एक बारीक हिरवी रेघ, बाकी काही नाही. वारझाझातला वर्षाला शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तेवढा मुंबईत एका दिवसात पडून जातो. वारझाझात ११०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे जुलैत दुपारी ३९-४० आणि जानेवारीत पहाटे शून्याला टेकलेलं.

ढग नसतात म्हणूनच तिथे नूर नावाचा जगातल्या मोठ्या सौर प्रकल्पांपैकी एक आहे, आणि म्हणूनच सिनेमावाले तिथे जातात, शूटिंग पावसाने रद्द होत नाही.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, डिसेंबर ते मार्चमधे बर्फामुळे ही खिंड अधूनमधून बंद होते. गेट लावून पोलीस गाड्या थांबवतात. तेव्हा थंडीत वाळवंटाची टूर असेल तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी खिंड ओलांडायचा प्लॅन करू नका, मधे एक दिवस मोकळा ठेवा.

कासाब्लांका, रबातचं काय?

बोअरिंग. चांगल्या अर्थाने. जानेवारीत दुपारी १७, रात्री ८, ऑगस्टमधे दुपारी २६-२७, रात्री २०. समुद्र दोन्ही टोकं कापून टाकतो. घरात पंख्यावर भागतं, पण दमटपणामुळे थंडीत कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना बुरशी येते, ते कोकणातल्या माणसाला नवीन नाही.

एस्सुविराला ऑगस्टमधे थंडी वाजली, हे खरंच नॉर्मल आहे का?

अगदी नॉर्मल. मोरोक्कोच्या अ‍ॅटलांटिक किनाऱ्याला लागून कॅनरी प्रवाह नावाचा थंड पाण्याचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. त्यात उन्हाळाभर ईशान्येकडून किनाऱ्याला समांतर वारा सुटलेला असतो, तो वरचं पाणी बाहेर समुद्रात ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. म्हणजे बाहेर देश भाजत असताना समुद्र ऐन उन्हाळ्यात गार. याच गार पाण्यातून माशांचं खाद्य वर येतं, त्यामुळे सार्डिनच्या बाबतीत मोरोक्को जगात पुढे आहे, एस्सुविराच्या बंदरावर भाजून मिळतात, ते मात्र सोडू नका.

तोटा असा की तिथला वारा. पतंग बांधून लाटांवर धावणाऱ्यांना तो वारा हवाच असतो, पण "बीचवर निवांत पडू" म्हणून गेलात तर तासाभरात तोंडात, कानात, सँडविचमधे वाळू. निवांत बीच आणि कोमट पाणी हवं असेल तर भूमध्य समुद्राच्या बाजूला जा, अल होसेमा किंवा सैदिया, जुलै-ऑगस्टमधे तिथलं पाणी बरंच उबदार असतं. फक्त तेव्हा अख्खा मोरोक्को आणि युरोपात राहणारे सगळे मोरोक्कन सुट्टीला तिथेच आलेले असतात, हॉटेल आधी बघा.

हे शेरगी शेरगी काय प्रकरण आहे?

पूर्वेकडून, सहाराकडून येणारा कोरडा तापलेला वारा. समुद्रावरून येणारी गार हवा दाबून टाकतो आणि किनाऱ्यावरच्या गावांची पार दैना करतो, दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर.

याचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण अगादीर. तिथे ऑगस्टची नेहमीची दुपार २७ डिग्रीच्या आसपासची, सकाळी तर धुकं असतं. त्याच अगादीरला ११ ऑगस्ट २०२३ ला ५०.४ डिग्री नोंदले गेले, मोरोक्कोत पन्नाशी पार झाल्याची ती पहिली नोंद. वाळवंटातल्या गावात नाही, बीचच्या गावात! कारण सहाराचा वारा आधीच तापलेला, तो डोंगर ओलांडून किनाऱ्याकडे उतरतो, आणि हवा खाली उतरताना दाबली गेली की दर हजार मीटरला आणखी जवळपास दहा डिग्री तापते.

शेरगी सुटला की इथले लोक काय करतात ते करा. सकाळीच खिडक्या आणि लाकडी झडपा बंद, पडदे ओढलेले, दुपारी बाहेर पडायचं नाही, रात्री उशिरा सगळं कुटुंब रस्त्यावर. जुन्या लोकांकडे यासाठी पंचांगासारखा हिशोब आहे, २५ जुलैपासूनचे चाळीस दिवस म्हणजे "स्मायम", सगळ्यात कडक उन्हाचे, आणि २५ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे "लियाली", सगळ्यात कडक थंडीचे. शेतकरी अजूनही जुनं कॅलेंडर धरतात, त्याचं नवीन वर्ष जानेवारीच्या मध्यात येतं, आणि २०२४ पासून अमाझिग, म्हणजे इथल्या मूळ बर्बर लोकांचं, नववर्ष म्हणून १४ जानेवारीला सरकारी सुट्टीही असते.

मुलांना सुट्टी मे महिन्यातच मिळते, मग?

मग फार उत्तम, बिनधास्त या, पण मे म्हणजे मेच, "मे-जून" नव्हे. मेच्या पहिल्या अर्ध्यात मराकेश २८-३० च्या आसपास, पहाडात बर्फ वितळून ओढे भरलेले, आणि केलात मगूना नावाच्या गावाच्या खोऱ्यात गुलाबाचा हंगाम. तिथे डोंगरातल्या शेतांच्या बांधावर गुलाब लावलेत, पहाटे फुलं तोडतात कारण ऊन चढलं की सुगंध उडतो, आणि मेमधे गुलाबाचा उत्सव असतो. वाळवंट मे-मध्यानंतर तापायला लागतं, मेच्या शेवटी मर्झुगाला दुपार अवघड जाते. त्यामुळे वाळवंट आधी करा, समुद्र शेवटी.

दिवाळीची सुट्टी असेल तर त्याहून छान. ऑक्टोबर-नोव्हेंबरला वाळवंटात दिवस २५ ते ३०, रात्र गार पण बोचरी नाही, खजूर नुकता उतरलेला. एर्फूदला ऑक्टोबरच्या सुमारास खजुराचं मोठं प्रदर्शन भरतं, मेजूल खजूर तिथे खाल्ला की पॅकेटवाला नकोसा वाटतो. तालिवीनला याच दिवसांत केशर तोडतात.

ख्रिसमसची सुट्टी, तर पुढचे दोन प्रश्न नीट वाचा.

डिसेंबर-जानेवारीत मराकेशला अ‍ॅप १८ डिग्री दाखवतंय, म्हणजे पुण्याची थंडी समजायची ना?

इथेच सगळे फसतात. अ‍ॅप दाखवतं ते दुपारचं तापमान, उन्हातली ती दुपार खरंच सुंदर असते, लोक गच्चीवर टी-शर्टात जेवतात. पण हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे सूर्य मावळला की उष्णता निघून जाते आणि पहाटे ५-६ डिग्री.

त्यात भर म्हणजे घरं. इथली जुनी घरं, म्हणजे रियाद, उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. मधे उघडा चौक, जाड मातीच्या भिंती, बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळपास नाहीत, जमिनीवर फरशा. जुलैत आत शिरलं की जिवात जीव येतो. जानेवारीत त्याच भिंती गार पडलेल्या आणि चौकातून थंड हवा सरळ खोलीच्या दाराशी. बाहेर उन्हात १८ आणि आत १४, असं होतं. सेंट्रल हीटिंग बहुतेक घरांत नसतंच, इथले लोक घरात जाड लोकरी जेलाबा घालून बसतात आणि आठवड्यातून एकदा हम्मामला, म्हणजे सार्वजनिक गरम स्नानगृहात, जाऊन अंग शेकून येतात.

म्हणून थंडीत बुकिंग करताना फोटोतला स्विमिंग पूल बघू नका, खोलीत हीटर आहे का ते लिहून विचारा. "एसी आहे" म्हणाले तर तो गरम हवा देतो का, हेही विचारा. आजी-आजोबा बरोबर असतील तर हे फारच महत्त्वाचं.

वाळवंटात रात्री खरंच एवढी थंडी असते?

डिसेंबर-जानेवारीत मर्झुगाला तंबूत शून्य ते पाच डिग्री धरून चला, क्वचित त्याखाली. दिवसा १७-१८ असते म्हणून फसायला होतं. वाळूत पाणी नाही, वर ढग नाहीत, त्यामुळे दिवसाची उष्णता साठवून ठेवायला काही नसतं. कॅम्पवाले जाड ब्लँकेट देतात, मागून आणखी एक घ्या, लाजू नका. जुलै-ऑगस्टमधे उलट, रात्री अकरालाही ३०-३२, तंबूत झोपच येत नाही आणि मग लोक गाद्या बाहेर वाळूवर ओढतात. मार्च-एप्रिलमधे थंडी-उन्हाचा त्रास नाही पण वाळूची वादळं होतात, चष्मा आणि मोठा रुमाल जवळ ठेवा, कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी तर नक्कीच.

बर्फ बघायला मिळेल का?

जानेवारी-फेब्रुवारीत चांगला चान्स आहे. मराकेशपासून साधारण ७५-८० किलोमीटरवर ओकैमेदन आहे, २,६०० मीटरच्या वर, तिथे स्कीइंगही होतं, बर्फ चांगला पडला असेल तर. दुसरं इफ्रान, १,६६५ मीटर, फ्रेंचांनी १९२९ ला वसवलेलं हिल स्टेशन, उतरत्या लाल छपरांची घरं, आणि शेजारी आझ्रूला देवदारांचं जंगल आणि त्यात बर्फात बसलेली माकडं. मुलांना ओकैमेदनपेक्षा इफ्रान जास्त आवडतं, माकडांमुळे.

जानेवारी २०१८ ला तर वाळवंटाच्या कडेच्या झागोराला बर्फ पडला, अनेक दशकांनी, खजुराच्या झाडांवर. पण त्या भरवशावर तिकीट काढू नका.

शेफशावेन आणि टँजियर, उत्तरेकडे कसं?

हा देशाचा ओला कोपरा. टँजियरला वर्षाला सातशेच्या आसपास मिलिमीटर, आणि शेफशावेन रिफच्या डोंगरात असल्यामुळे तिथे त्याहून जास्त. मराकेशला अडीचशेही धड नाही, यावरून समजा. शेफशावेनचे ते निळे फोटो बहुतेक सगळे उन्हातले असतात, डिसेंबर-जानेवारीत गेलात तर चार दिवस सलग पाऊस, ओल्या पायऱ्या आणि भयंकर गार खोली मिळू शकते. एप्रिल-मेमधे मात्र त्याच पावसामुळे डोंगर इतके हिरवे की विश्वास बसत नाही. टँजियरला वारा फार, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या वाटेतून पूर्वेचा वारा सुसाट येतो, स्पेनला जाणाऱ्या फेरी कधीकधी त्यामुळे रद्द होतात.

फेस शहराचं काय?

आतलं शहर, म्हणून उन्हाळा ३४-३५ आणि थंडीत पहाटे ४. मराकेशपेक्षा पाऊस जास्त. जुन्या शहराच्या गल्ल्या अरुंद आहेत त्यामुळे उन्हाळ्यात सावली मिळते, पण कातडं कमावायच्या हौदांकडे ऑगस्टच्या दुपारी जाऊ नका, वास.

दुष्काळ आहे म्हणतात, पर्यटकाला काही फरक पडतो का?

२०१८ पासून सलग अनेक वर्षं पाऊस कमी झाला. अल मासिरा हे देशातलं दुसरं सगळ्यात मोठं धरण २०२४ च्या सुरुवातीला जवळजवळ कोरडं पडलं होतं. त्या काळात कासाब्लांकासकट काही शहरांत हम्माम आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवायचा आदेश निघाला, म्हणजे गरिबाच्या घरची थंडीतली एकमेव गरम आंघोळ तीन दिवस बंद. फेब्रुवारी २०२५ ला खुद्द राजाने लोकांना विनंती केली की या वर्षी ईदला बकरा कापू नका, कळप फार घटलेत. बाहेरच्यांना ही छोटी बातमी वाटली असेल, इथे ती फार मोठी होती. मोरोक्कन घरात त्या ईदचा बकरा म्हणजे वर्षभराचा विषय असतो.

पर्यटकाला हॉटेलात पाणी मिळतंच, त्यामुळे तसा फरक पडत नाही. पण दिसेल बरंच. धरणांच्या कडेने पाणी उतरल्याच्या पांढऱ्या रेघा, ताफिलालतच्या, म्हणजे एर्फूद-मर्झुगाच्या, बाजूला सुकलेले खजूर आणि खेत्तारा, म्हणजे जमिनीखालून डोंगरातलं पाणी गावापर्यंत आणणारे जुने बोगदे, त्यातले बरेच आता कोरडे. दुसऱ्या बाजूला नव्या गोष्टीही, अगादीरजवळ श्तुकाला समुद्राचं पाणी गोडं करून प्यायला आणि टोमॅटोच्या शेतीला देतात. आणि सिदी इफ्नीजवळच्या बुतमेझगिदा डोंगरावर मोठमोठ्या जाळ्या लावून धुक्यातून पाणी गोळा करतात, नळाने खालच्या गावांत सोडतात. पाऊस नाही पण थंड समुद्रामुळे धुकं भरपूर, मग त्याचंच पाणी करा. मला ही आयडिया भयंकर आवडते.

मग वाळवंटात पूर आला ती बातमी कशी काय?

सप्टेंबर २०२४. दक्षिणेकडची दमट हवा नेहमीपेक्षा फार वर सरकली आणि दोन दिवसांत काही ठिकाणी वर्षभराच्या सरासरीहून जास्त पाऊस झाला, तागुनीत गावात २४ तासांत १०० मिलिमीटरच्या वर. माणसं गेली, ताता नावाच्या गावाच्या बाजूला फार नुकसान झालं. आणि झागोरा-तातामधलं इरिकी नावाचं तळं, पन्नासेक वर्षं कोरडं पडलेलं, पाण्याने भरलं. वाळूच्या टेकड्यांच्या मधे निळं पाणी असे फोटो तेव्हा तुम्हीही बघितले असतील.

यातून घ्यायची गोष्ट ही की कोरडी नदी इथे सगळ्यात धोक्याची. जमीन भाजून कडक झालेली, झाडं नाहीत, पाणी मुरत नाही, वर डोंगरात ढग फुटला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. १७ ऑगस्ट १९९५ ला मराकेशजवळच्या उरिका खोऱ्यात असंच झालं, सुट्टीला आलेले लोक नदीकाठी बसले होते, दोनशेच्या वर माणसं गेली. आजही उरिकात नदीच्या पात्रात खुर्च्या टाकलेली हॉटेलं आहेत, पाण्यात पाय सोडून जेवायला मस्त वाटतं, मीही बसतो, पण उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरावर काळं दिसलं तर ताजिन अर्धं टाकून उठायचं.

वेदर अ‍ॅपवर किती विश्वास ठेवायचा?

किनाऱ्यावर बऱ्यापैकी. डोंगरात फार नाही, कारण अ‍ॅप जवळच्या शहराचा आकडा दाखवतं आणि तुम्ही असता हजार मीटर वर. दर हजार मीटरला साधारण सहा डिग्री कमी करा, म्हणजे मराकेशला १८ असेल तर ओकैमेदनला ५ च्या आसपास. इथलं सरकारी हवामान खातं पिवळा-नारंगी-लाल असे इशारे देतं, फ्रेंच आणि अरबीत असतात, पण रंग कळायला भाषा लागत नाही. नारंगी आणि लाल असेल तर हॉटेलवाल्याला विचारल्याशिवाय डोंगराचा रस्ता धरू नका.

दिवस किती मोठा असतो? घड्याळाचं काय?

२०१८ पासून मोरोक्को बाराही महिने ग्रीनिचच्या एक तास पुढे असतो, भारत त्यांच्या साडेचार तास पुढे. देश इतका पश्चिमेला आहे की या घड्याळामुळे डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो, सकाळी आठला टूरची गाडी सुटते ती अंधारात. जूनमधे उजेड रात्री नऊपर्यंत. रमजानमधे घड्याळ एक तास मागे घेतात, तेव्हा भारताशी फरक साडेपाच तासांचा, आणि हे लक्षात नसलं की विमान चुकायची भीती असते.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, सध्या तो थंडीत येतोय, त्यामुळे उपास करणाऱ्यांनाही सोपा आणि पर्यटकालाही. दिवसा खानावळी बंद असतात, पण सूर्यास्ताला रस्ता अचानक रिकामा होतो आणि सगळीकडून हरिरा सूपचा वास येतो. मला विचाराल तर थंडीतला रमजान ट्रिपला वाईट नाही.

दहा दिवसात समुद्र, डोंगर, वाळवंट सगळं करायचंय. कपडे काय?

थर. एक जाड जॅकेट आणण्यापेक्षा टी-शर्ट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पातळ स्वेटर आणि वर वारा न लागणारं जॅकेट. एप्रिल आणि ऑक्टोबरलाही हेच, कारण सकाळी डोंगरात स्वेटर आणि संध्याकाळी वाळवंटाच्या बाजूला टी-शर्ट असं एकाच दिवसात होतं. डिसेंबर-जानेवारीत त्यात थर्मल आणि कानटोपी, रात्री घालायला लोकरीचे मोजे. टोपी आणि सनस्क्रीन बाराही महिने, बर्फातसुद्धा. व्हॅसलिन विसरू नका, कोकणातून येणाऱ्यांचे ओठ मर्झुगाला दुसऱ्या दिवशी फुटतात.

आणि छत्री?

नको. जिथे पाऊस पडतो तिथे वाराही असतो, टँजियरला तर कचराकुंडीत उलट्या झालेल्या छत्र्याच दिसतात. साधा रेनकोट आणा, तोच एस्सुविराला वाऱ्यासाठी वापरा.